आगग्रस्तांसाठी सुरक्षित दान आणि आपत्तीनंतरचे सावरणे

राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळाचा आरंभ होतो. जवळपास त्याच सुमारास मुंबईच्या उपनगरांतील डोंगरांवरचे गवत पुरते वाळलेले असते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत बोरिवली, मुलुंड आणि भांडुपच्या डोंगरउतारांवर रात्री वणव्याची तांबडी रेघ दिसते, तर त्याच डोंगरांच्या पायथ्याशी दाटीवाटीने वसलेल्या वस्त्यांमध्ये आगीच्या दुर्घटना घडतात. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांचा हा काळ असल्याने अशा प्रसंगी आपल्या धर्मग्रामांतून मदतीचा ओघ सहज सुरू होतो. परंतु ही मदत गरजवंताच्या हाती पोहोचतेच असे नाही. काही वेळा ती ठकांच्या खात्यात जाते, काही वेळा नको असलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात वाया जाते, तर काही वेळा पहिल्या आठवड्यातच आटून जाते. दान विचारपूर्वक कसे द्यावे, ते पोहोचले याची खात्री कशी करावी आणि आगीत सर्वस्व गमावलेल्या कुटुंबाने कसे सावरावे, याची माहिती एकत्रितपणे देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

उपनगरांतील वणवा आणि वस्तीतील आग

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे वन पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव आणि पूर्वेला मुलुंड व भांडुप यांच्या मधोमध पसरलेले आहे. पावसाळ्यानंतर येथील गवत आणि पानगळीचा थर वाळतो. या थराला लागलेली आग बहुधा जमिनीलगत पसरते. तिचे कारण नैसर्गिक क्वचितच असते. पेटती विडी, विझवायची राहिलेली चूल, पेटवलेला कचरा किंवा हेतुपुरस्सर लावलेली आग हीच कारणे प्रामुख्याने आढळतात. आग पसरू नये म्हणून वनविभाग गवत काढून मोकळे पट्टे तयार करतो, त्यांना जाळरेषा म्हणतात. दि. ३ डिसेंबर २०१८ रोजी गोरेगाव पूर्वेस जनरल अरुणकुमार वैद्य मार्गालगतच्या डोंगरावर मोठा वणवा पेटला आणि तो रात्रभर धुमसत राहिला. त्यात मनुष्यहानी झाली नाही, तरी वन आणि वस्ती यांतील अंतर किती थोडे उरले आहे, हे त्या रात्री सर्वांच्या ध्यानी आले.

मनुष्यहानी आणि संसारांची राखरांगोळी होते ती मुख्यत्वे वस्त्यांमध्ये. दि. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागून शेकडो झोपड्या भस्मसात झाल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. दि. १३ मार्च २०२३ रोजी मालाड पूर्वेच्या आप्पापाड्यात अशीच आग लागली, तीत एकाने प्राण गमावला आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. दोन्ही वस्त्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहेत. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर एकामागोमाग एक फुटले आणि आग वाऱ्यासारखी पसरली. अरुंद गल्ल्या, चढाची जमीन, पत्रा, बांबू व ताडपत्रीचे बांधकाम आणि आत शिरू न शकणारा अग्निशमन दलाचा बंब ही या दुर्घटनांची नेहमीची पार्श्वभूमी होय. अंधेरीजवळील साकीनाक्याच्या खैरानी रोडवर दि. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे फरसाणाच्या एका दुकानास लागलेल्या आगीत १२ कामगार मृत्युमुखी पडले. कामाच्या जागीच राहणारे असे कामगार बहुधा दूरच्या गावांहून आलेले असतात. त्यांच्या कुटुंबांपर्यंत मदत पोहोचविण्याचा प्रश्न त्यामुळे अधिक बिकट होतो.

हा धोका केवळ झोपडपट्टीपुरता मर्यादित नाही. मरोळ, गुंदवली, कोंडिविटे यांसारख्या आपल्या जुन्या ईस्ट इंडियन गावठाणांतही लाकडी माळ्यांची घरे आणि अरुंद वाटा आहेत, हे विसरता कामा नये.

आगीत नेमके काय जळते?

पुराच्या पाण्यातून काही वस्तू धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतात. आगीत तसे काही उरत नाही. भांडी, कपडे, धान्य आणि शिलाई यंत्रासारखी उपजीविकेची साधने तर जातातच, पण सर्वांत मोठे नुकसान कागदपत्रांचे असते. शिधापत्रिका, आधारपत्र, वीजदेयके, फोटोपास, मुलांचे शाळेचे दाखले आणि गुणपत्रिका यांवरच त्या कुटुंबाचे शहरातील अस्तित्व उभे असते. महाराष्ट्रात झोपडीधारकाचे पुनर्वसन ठरते ते तो अमुक तारखेपूर्वी तेथे राहत होता या पुराव्यावर. १ जानेवारी २०००पूर्वीच्या झोपड्यांना मोफत, तर १ जानेवारी २०११पर्यंतच्या झोपड्यांना शुल्क आकारून पुनर्वसनाचा हक्क देण्यात आला आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील वस्त्यांसाठी निकष अधिक कडक आहेत. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तेथील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिल्यानंतर, पुरावे असलेल्या अनेक कुटुंबांना चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली. ज्यांच्याजवळ पुरावा नव्हता, ती मागे राहिली. एका रात्रीच्या आगीत वीस वर्षांचा पुरावा जळतो, तेव्हा त्या कुटुंबाचे भविष्यातील घरही धोक्यात येते. म्हणून कागदपत्रे पुन्हा मिळवून देण्याचे साहाय्य हे अन्नवस्त्राइतकेच मोलाचे दान आहे.

आप्पापाड्याची आग लागली तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. अशा वेळी पाठ्यपुस्तके, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि अभ्यासासाठी शांत जागा यांची गरज तांदळाच्या पिशवीहून कमी नसते.

दानाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला सर्वांना परिचित आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तो शोमरोनी जखमी माणसाच्या जखमा बांधून थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेत नेले, तिच्या मालकाजवळ रक्कम सोपविली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो भरून देण्याचे वचन दिले. योग्य माणसाच्या हाती पैसा देणे आणि पुढे पुन्हा चौकशीला येणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या प्रेमकृत्याचाच भाग होत्या.

संत पौलाने यरुशलेममधील गरजू ख्रिस्ती बांधवांसाठी निधी गोळा केला, तेव्हाही हीच दक्षता घेतली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की, ही मोठी रक्कम नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत आहे, जेणेकरून कोणालाही तिच्या विनियोगाबद्दल दोष देता येऊ नये. सर्व काही देवासमोर आणि माणसांसमोरही चोख असावे, असा त्याचा आग्रह होता. यावरून स्पष्ट होते की, दानाचा हिशेब विचारणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. ज्याच्यासाठी दान दिले त्याच्याविषयीच्या प्रेमाचेच ते लक्षण आहे.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी दि. २५ डिसेंबर २००५ रोजी ‘देव प्रेम आहे’ या विषयावर जगाला परिपत्र दिले. त्यात त्यांनी धर्मादाय कार्य करणाऱ्यांकडून दोन अपेक्षा व्यक्त केल्या आहेत. कार्यकर्त्यांना आपल्या कामाचे रीतसर ज्ञान असावे आणि त्याचबरोबर त्यांचे अंतःकरणही घडलेले असावे. दया हे धर्मांतराचे साधन होऊ नये, असेही त्यांनी तेथेच बजावले आहे. आगग्रस्त वस्तीत सर्व धर्मांचे लोक राहतात. मदतीच्या रांगेत कोणाचाही धर्म विचारला जाऊ नये.

दान कोठे द्यावे?

सर्वसाधारणपणे पुढील मार्ग विश्वासार्ह मानले जातात.

१. धर्मग्रामातील व्यवस्था : प्रमुख धर्मगुरूंनी मिस्सामध्ये जाहीर केलेला निधी, तसेच सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेची स्थानिक शाखा. फ्रेडरिक ओझानाम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचे सभासद गरजू कुटुंबाच्या घरी जाऊन प्रत्यक्ष भेट घेतात. त्यामुळे कोणाला काय हवे याची खात्रीलायक माहिती त्यांच्याजवळ असते.

२. महाधर्मप्रांत व राष्ट्रीय पातळी : मुंबई महाधर्मप्रांताचे सेंटर फॉर सोशल ॲक्शन आणि भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेअंतर्गत १९६२ पासून कार्यरत असलेली कॅरिटास इंडिया ही संस्था.

३. शासकीय निधी : मुख्यमंत्री सहायता निधी आणि १९४८ साली स्थापन झालेला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी. यांचे खाते क्रमांक केवळ अधिकृत शासकीय संकेतस्थळावरूनच घ्यावेत.

४. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या संस्था. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो.

ज्यांना प्राप्तिकरात सवलत हवी असेल, त्यांनी संस्थेस त्यासाठी मान्यता आहे का, हे आधी विचारावे, आपला पॅन क्रमांक द्यावा आणि पावतीबरोबर दानाचे अधिकृत प्रमाणपत्रही मागावे. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास तीवर सवलत मिळत नाही. वस्तुरूप दानावर ती मिळतच नाही. नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्या करदात्यासही ही सवलत उपलब्ध नाही. अर्थात सवलत मिळो वा न मिळो, पावती अवश्य घ्यावी.

एखाद्या जळीत रुग्णासाठी इंटरनेटवरील निधी संकलन मंचावर आवाहन केलेले असल्यास रुग्णालयाचे नाव, रुग्णाच्या दाखल होण्याची तारीख आणि गोळा झालेली रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, हे पाहावे. शक्य असल्यास रुग्णालयात दूरध्वनी करून रक्कम थेट रुग्णाच्या देयक खात्यात भरावी. मंचाचे शुल्क किंवा ‘टिप’ म्हणून आपोआप जोडली जाणारी रक्कम किती, तेही तपासावे.

फसवणूक कशी ओळखावी?

आपत्ती जितकी मोठी, तितकी खोट्या आवाहनांची संख्या अधिक. दि. ७ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात पेटलेल्या वणव्यांत १६,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. पॅसिफिक पॅलिसेड्स येथील कॉर्पस क्रिस्ती हे कॅथलिक चर्चही जळून गेले. आग धुमसत असतानाच तेथील सरकारी यंत्रणांना बनावट देणग्यांच्या आवाहनांबाबत नागरिकांना सावध करावे लागले. आपल्याकडेही परिस्थिती वेगळी नाही. पुढील लक्षणे दिसताच थांबावे.

- ‘एका तासात पैसे पाठवा’ अशी घाई करणारा आणि प्रश्न विचारल्यास चिडणारा संदेश.
- धर्मगुरूंचे किंवा बिशप महोदयांचे छायाचित्र लावलेला, परंतु अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश. अशा वेळी धर्मग्रामाच्या कार्यालयात आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी.
- संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावरील यूपीआय खाते. पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव संस्थेच्या नावाशी जुळते का, हे पाहावे.
- ओळखीच्या संस्थेच्या नावात एखादे अक्षर बदलून तयार केलेले संकेतस्थळ.
- दुसऱ्याच आगीची जुनी छायाचित्रे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या रडणाऱ्या मुलांच्या चित्रफिती.
- मदत ‘मिळविण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करण्यास किंवा गुप्त पिन टाकण्यास सांगणे. यूपीआय पिन हा केवळ पैसे देण्यासाठी लागतो. पैसे स्वीकारण्यासाठी तो कधीही लागत नाही.

शेवटची सूचना दात्यांइतकीच आगग्रस्तांसाठीही महत्त्वाची आहे. घर गमावलेल्या माणसाला ‘शासकीय मदत मंजूर झाली आहे’ असे सांगून त्याच्याजवळची उरलीसुरली रक्कम काढून घेणारे लोकही असतात. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर तक्रार करावी आणि आपल्या बँकेस कळवावे. पहिल्या तासाभरात तक्रार झाल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

परदेशातील नातेवाइकांकडून येणारी मदत

आपल्या अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात वा इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत आणि अशा प्रसंगी ती आवर्जून मदत करू इच्छितात. येथे विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० लक्षात घ्यावा लागतो. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती विदेशी देणगी गणली जात नाही. मात्र ज्यांनी अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी विदेशी ठरते, जरी त्यांच्याजवळ भारताचे समुद्रपार नागरिक कार्ड असले तरीही. अशी देणगी केवळ या कायद्यान्वये नोंदणी झालेल्या संस्थेलाच स्वीकारता येते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करणेही आता निषिद्ध आहे. सबब परदेशस्थ नातेवाइकांनी पैसे पाठविण्याआधी संस्थेशी पत्रव्यवहार करावा. चुकीच्या खात्यात आलेली सद्भावनेची रक्कमदेखील संस्थेला अडचणीत आणू शकते.

वस्तुरूप मदत : काय द्यावे, काय टाळावे

जुने कपडे जमविणे सोपे असते. त्यामुळे आगीनंतर दोनच दिवसांत त्यांचे ढीग साचतात आणि ते निवडण्यातच स्वयंसेवकांचा वेळ जातो. आधी वस्तीतील महिला मंडळाशी किंवा तेथे काम करणाऱ्या धर्मभगिनींशी बोलावे, यादी करावी आणि मगच वस्तू गोळा कराव्यात. सामान्यतः उपयोगी ठरणाऱ्या वस्तू अशा :

- नवी अंतर्वस्त्रे, चादरी, चटया, टॉवेल, चपला;
- सॅनिटरी पॅड, लहान बाळांची लंगोटी, साबण;
- झाकणाची बादली, पातेले, तवा, ताटवाट्या, शेगडी;
- मच्छरदाणी, टॉर्च, मोबाइल चार्जर;
- वह्या, दप्तर, गणवेश, पाठ्यपुस्तकांचे संच;
- मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांवरील औषधे खंडित होऊ नयेत म्हणून जवळच्या दवाखान्याशी संपर्क.

मुदत संपलेली औषधे, फाटके कपडे आणि लवकर नासणारे शिजविलेले अन्न देऊ नये. शक्य तेथे रोख मदत किंवा दुकानातून वस्तू घेण्याची कुपने देणे श्रेयस्कर, कारण त्या कुटुंबाला कशाची गरज आहे हे त्याच कुटुंबाला सर्वाधिक ठाऊक असते. मदत स्वीकारणाऱ्यांची, विशेषतः लहान मुलांची, पाकिटासह छायाचित्रे काढून प्रसृत करणे टाळावे. गमावलेल्या घराबरोबर त्यांचा आत्मसन्मानही हरवू नये.

आगग्रस्त कुटुंबाने काय करावे?

१. भाजल्यास जखमेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट, हळद लावू नये. मोठ्या जखमा असल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात जळितांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, तर मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

२. महसूल कर्मचाऱ्यांचा पंचनामा होईपर्यंत घराची जागा सोडून दूर जाऊ नये आणि कुटुंबातील सर्वांची नावे यादीत आली आहेत याची खात्री करावी. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेस आहे.

३. आग ही राष्ट्रीय आपत्ती साहाय्य निकषांत समाविष्ट आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद होती. त्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा लागतो.

४. कागदपत्रे जळाल्याची नोंद पोलीस ठाण्यात करून तिची प्रत घ्यावी. पुढील प्रत्येक अर्जाला ती लागते. आधार बोटांच्या ठशांवरून पुन्हा मिळविता येते, म्हणून त्याचा अर्ज प्रथम करावा. शिधापत्रिकेसाठी शिधावाटप कार्यालय, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत शिक्षण मंडळ, वीजदेयकांच्या जुन्या नोंदींसाठी वीज कंपनी, असा क्रम ठेवावा.

५. ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचा उपयोग करून घ्यावा. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी तेथे जतन केलेल्या असतात आणि त्यांचे दाखले नव्याने मिळू शकतात.

६. गॅस सिलिंडरमुळे अपघात झाला असल्यास वितरकास लगेच लेखी कळवावे. तेल कंपन्यांनी अशा अपघातांसाठी विमा उतरविलेला असतो, हे अनेक ग्राहकांना माहीतच नसते.

मनाचे सावरणे

आग डोळ्यांदेखत सर्व काही नेते. त्यानंतर काही दिवस झोप न लागणे, धुराचा वास आल्याचा भास होणे, दचकणे, एकाएकी रडू येणे किंवा काहीच न वाटणे या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत. त्यांना दुबळेपणा समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : परिस्थिती पाहणे, माणसाचे ऐकणे आणि त्याला योग्य मदतीशी जोडून देणे. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ किंवा ‘देवाची इच्छा’ असे सांगण्याची घाई करू नये. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांनी त्याला खरी सोबत केली. ते उपदेश करू लागले आणि त्याचे दुःख वाढले.

मुलांना प्रत्येक दिवसाचा ठरलेला क्रम हवा असतो. शक्य तितक्या लवकर शाळा सुरू व्हावी, खेळण्यास जागा मिळावी आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले किंवा आईला बिलगून राहू लागले, तर त्याला रागावू नये. घरातील कर्ता पुरुष बहुधा बोलत नाही आणि कधी मद्याकडे वळतो. त्याच्याशी कामाविषयी, हत्यारे पुन्हा घेण्याविषयी बोलणे सोपे जाते. व्यसनाचा प्रश्न असल्यास १९८१ साली स्थापन झालेल्या कृपा फाउंडेशनसारख्या संस्थांची मदत घेता येते. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले, तर डॉक्टरांकडे न्यावे किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतून संवाद साधता येतो.

मृतांसाठी मिस्सा, वर्षश्राद्धाची प्रार्थना आणि अन्य धर्मीय शेजाऱ्यांसमवेत मौन पाळून केलेले स्मरण यांनीही मनाला आधार मिळतो. हवाई बेटांवरील लहायना हे गाव ऑगस्ट २०२३ मधील वणव्यात जवळजवळ संपूर्ण जळाले, तरी तेथील मारिया लानाकिला हे कॅथलिक चर्च उभे राहिले. घर गमावलेल्यांना एकत्र जमण्यास एक ओळखीची जागा उरणे, याचे मोल फार मोठे असते. आपल्या चर्चचे सभागृहही संकटकाळी असे ओळखीचे ठिकाण होऊ शकते.

त्वचादान

जळितांसाठी एक दान असे आहे, जे मृत्यूनंतरच देता येते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या जखमांवर दात्याची त्वचा झाकली असता जंतुसंसर्ग व वेदना कमी होतात आणि जीव वाचण्याची शक्यता वाढते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या व पाठीवरील त्वचेचा वरचा पातळ थर काढून घेतला जातो. रक्तगट जुळण्याची गरज नसते, शरीर विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीत अडथळा येत नाही. मृत्यूनंतरचे अवयवदान हे उदार व पुण्यप्रद कृत्य आहे, अशी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे. यासंबंधी कुटुंबात आधीच बोलून ठेवावे, कारण ऐनवेळी संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते.

धर्मग्रामासाठी काही सूचना

- प्रत्येक धर्मग्रामाने चार-पाच व्यक्तींची लहान आपत्ती समिती नेमावी. तीत महिला, युवक आणि हिशेब जाणणारी एक व्यक्ती असावी.
- निधी एकाच बँक खात्यात घ्यावा आणि किमान दोन स्वाक्षऱ्यांनी खर्च करावा.
- जमा व खर्चाचा तक्ता एका महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने चर्चच्या फलकावर लावावा. लाभार्थ्यांची नावे न देता कुटुंबांची संख्या व मदतीचे स्वरूप द्यावे.
- निधीचा निम्मा भाग पहिल्या महिन्यानंतरच्या गरजांसाठी राखून ठेवावा. भाडे, शाळेचे शुल्क आणि कामाची साधने यांची निकड तेव्हाच भासते, आणि तोपर्यंत वृत्तपत्रांचे लक्ष अन्यत्र गेलेले असते.
- लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत महत्त्वाच्या कागदपत्रांची छायाचित्रे काढून डिजिलॉकरमध्ये किंवा परगावच्या नातेवाइकाजवळ ठेवण्यास सांगावे.
- दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांच्या वेळी आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या सप्ताहात आपल्या परिसरातील केंद्राच्या अधिकाऱ्यांना बोलावून आग विझविण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे.

महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक

अग्निशमन दल : १०१
आपत्कालीन साहाय्य : ११२
महापालिका आपत्ती व्यवस्थापन कक्ष : १९१६
वनविभाग, वणव्याची सूचना देण्यासाठी : १९२६
सायबर फसवणुकीची तक्रार : १९३०
मानसिक आरोग्य साहाय्य, टेलिमानस : १४४१६

विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन नाणी प्रभू येशूने सर्वांत मोठी मानली. आपल्या धर्मग्रामांतही असे देणारे हात अनेक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची मिळकत बेताची आहे. त्यांच्या कष्टाचा एक रुपयाही वाटेत हरवू नये, तो दामूनगरासारख्या वस्तीतील नेमक्या त्या मुलाच्या दप्तरापर्यंत आणि त्या माउलीच्या शेगडीपर्यंत पोहोचावा, याची काळजी घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. या प्रायश्चित्तकाळात दान देताना तीन प्रश्न स्वतःस विचारू या : हे कोणाच्या हाती जात आहे? त्याचा हिशेब मला कोण देईल? आणि सहा महिन्यांनी त्या कुटुंबाची विचारपूस करावयास मी जाणार आहे का?